एक्सेलच्या व्हीबीएमध्ये फंक्शनल पद्धतीने मॅक्रो कसे लिहावेत: नवशिक्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

मॅक्रो रेकॉर्ड करत करत जो व्हीबीए, म्हणजे एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्याची भाषा, शिकतो, त्याचा कोड बहुधा एकाच लांबलचक ‘सब’मध्ये (उत्तर परत न देणाऱ्या आज्ञांच्या गटात) कोंबलेला असतो: सेल निवडायचा, त्यातले मूल्य उचलायचे, तिथल्या तिथे हिशेब करायचा, शेजारच्या सेलमध्ये उत्तर लिहायचे आणि खालच्या ओळीवर उतरायचे. असा कोड पहिल्या दिवशी चालतो. पुढे एखादा स्तंभ सरकला किंवा दर बदलला की चूक नेमकी कुठे शिरली हे शोधण्यातच अख्खी दुपार जाते. जावास्क्रिप्ट किंवा पायथनमधून आलेल्यांना यावरचा फंक्शनल उपाय, म्हणजे हिशेब छोट्या, स्वतंत्र फंक्शनांत वाटून देणे, माहीत असतो, पण ‘व्हीबीएमध्ये ते जमत नाही’ असे म्हणून ते तो सोडून देतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर आलेल्या या भाषेत फंक्शन चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवता येत नाही आणि निनावी फंक्शनही लिहिता येत नाही, हे मान्य. परंतु या पद्धतीचा रोजच्या कामात सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग म्हणजे हिशेबाला शीटपासून वेगळे ठेवणे, आणि त्याला भाषेची कोणतीही आडकाठी नाही. बाकीच्या गोष्टींसाठी थोडी वळणवाट घ्यावी लागते, ती खाली दिली आहे.

उदाहरण म्हणून गृहनिर्माण संस्थेची देखभाल-शुल्काची वही घेऊ: प्रत्येक सदनिकेची थकबाकी एका स्तंभात आहे आणि तिच्यावर तिमाही व्याज आकारायचे आहे. लेखात आज्ञांची आणि फंक्शनांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच टंकावी लागतील. त्याचे कारण सहाव्या पायरीत येईल.

सुरुवातीला काय हवे

• विंडोजवरील एक्सेलची कोणतीही अलीकडची आवृत्ती. मॅकवरही बहुतेक भाग चालतो, अपवाद त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.
• ‘एक्सएलएसएम’ प्रकारात जतन केलेली फाइल. साध्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात जतन केल्यास मॅक्रो फाइलीत राहत नाहीत.
• ऑल्ट आणि एफ११ दाबून उघडणारा एडिटर, आणि त्यात कंट्रोल-जी दाबून मिळणारी इमिजिएट विंडो. आपली निम्मी चाचणी याच खिडकीत होणार आहे.
• प्रत्येक मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’. एडिटरच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन’ या चौकोनात खूण केली की ही ओळ प्रत्येक नव्या मॉड्यूलमध्ये आपोआप येते.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटला तरी टाळू नये. व्हीबीएमध्ये फंक्शनचे उत्तर त्याच्याच नावाला बहाल करायचे असते. त्या नावाचे स्पेलिंग एका अक्षराने चुकले आणि ही ओळ नसली, तर भाषा मुकाट्याने नवे चल तयार करते आणि फंक्शन शून्य किंवा रिकामे मूल्य परत देते, तेही कोणतीही त्रुटी न दाखवता.

१. शीटला दोनदाच हात लावा: एकदा वाचताना, एकदा लिहिताना

मॅक्रोचे तीन भाग करा. पहिला भाग शीटवरून सगळी मूल्ये एका दमात ॲरेमध्ये, म्हणजे मूल्यांच्या क्रमवार मांडणीत, घेतो, दुसरा त्या ॲरेवर हिशेब करून नवा ॲरे देतो, आणि तिसरा तो नवा ॲरे एका दमात शीटवर ठेवतो. हिशेब करणाऱ्या भागात ‘रेंज’, ‘सेल्स’ किंवा ‘ॲक्टिव्हशीट’ यांपैकी एकही शब्द दिसता कामा नये. वेगाचा लाभही यातच आहे, कारण व्हीबीए संथ वाटतो तो बहुतेक वेळा एकेका सेलशी होणाऱ्या व्यवहारामुळे.

वाचण्यासाठी ‘व्हॅल्यू२’ हा गुणधर्म वापरावा. तो तारीख आणि चलन यांचे वेगळे प्रकार न करता साधी संख्या देतो. येथे दोन सापळे आहेत. अनेक सेलांच्या रेंजमधून मिळणारा ॲरे नेहमी द्विमितीय असतो आणि त्याची मोजणी १ पासून सुरू होते, परंतु रेंजमध्ये एकच सेल असेल तर ॲरे मिळतच नाही, नुसते मूल्य मिळते. वहीत एकच थकबाकीदार उरला त्या महिन्यात मॅक्रो कोसळतो तो यामुळे. दुसरा सापळा लिहितानाचा: एकमितीय ॲरेला एक्सेल आडवी ओळ समजते, त्यामुळे तो उभ्या स्तंभावर ठेवला की प्रत्येक सेलमध्ये पहिलेच मूल्य उमटते. यासाठी दोन छोटी फंक्शने सुरुवातीलाच लिहून ठेवावीत. ‘स्तंभवाचा’ने ‘इजॲरे’ने तपासून एकट्या मूल्याचाही एक घटकाचा ॲरे करावा आणि नेहमी एकमितीय यादी द्यावी, ‘स्तंभलिहा’ने त्या यादीचा ‘१ ते एन, १ ते १’ असा द्विमितीय ॲरे बनवून ‘रिसाइझ’ केलेल्या रेंजवर ठेवावा. पुढे सर्वत्र आपण एकमितीय यादी गृहीत धरणार आहोत.

२. हिशेबाचे फंक्शन शुद्ध ठेवा

शुद्ध फंक्शन म्हणजे ज्याचे उत्तर केवळ त्याला दिलेल्या आर्ग्युमेंटवर, म्हणजे कंसात पुरवलेल्या मूल्यांवर, ठरते आणि जे उत्तर देण्यापलीकडे बाहेर काहीही बदलत नाही. आपले व्याजाचे फंक्शन असे होईल:

फंक्शन व्याज(बायव्हॅल थकबाकी ॲज डबल, बायव्हॅल दर ॲज डबल, बायव्हॅल महिने ॲज लाँग) ॲज डबल
व्याज = थकबाकी * दर * महिने / १२
एंड फंक्शन

इमिजिएट विंडोमध्ये प्रश्नचिन्ह टाकून ‘व्याज’ला ४८००, ०.१८ आणि ३ ही मूल्ये दिली की २१६ हे उत्तर तत्काळ मिळते. त्यासाठी शीट उघडी असण्याची, तिच्यात खरा डेटा असण्याची गरज नाही. अशा चार-पाच तपासण्या ‘डीबग.असर्ट’ने एका वेगळ्या ‘सब’मध्ये लिहून ठेवल्या, तर कोड बदलल्यावर तो ‘सब’ एकदा चालवणे पुरेसे होते.

दर हा आर्ग्युमेंट म्हणून का घ्यायचा, फंक्शनच्या आतूनच एच१ या सेलमधून का वाचायचा नाही, असा प्रश्न नवशिक्याला पडतो, आणि तो योग्य आहे. याचे उत्तर केवळ शैलीचे नाही. हेच फंक्शन सेलमधल्या फॉर्म्युल्यात वापरले, तर त्याची फेरगणना केव्हा करायची हे एक्सेल त्याच्या आर्ग्युमेंटवरून ठरवते. फंक्शन आतल्या आत एच१ वाचत असेल तर ते अवलंबित्व एक्सेलला कळत नाही. आपण दर बदलतो आणि शीटवर जुनेच व्याज दिसत राहते. ‘ॲप्लिकेशन.व्होलाटाइल’ लिहून ही अडचण झाकता येते, पण मग ते फंक्शन प्रत्येक फेरगणनेत विनाकारण चालते. दर आर्ग्युमेंटमधून देणे हाच सरळ मार्ग. शिवाय सेलमधून बोलावलेल्या फंक्शनने दुसऱ्या सेलमध्ये लिहिण्याचा प्रयत्न केला तर एक्सेल तो होऊ देत नाही आणि मूल्य-त्रुटी दाखवते. म्हणजे शुद्धतेची अट एक्सेलने स्वतःच काही अंशी घातलेली आहे.

‘बायव्हॅल’ हा शब्द वरच्या ओळीत तीनदा आला आहे, आणि तो तसाच यायला हवा. व्हीबीएमध्ये काहीही न लिहिल्यास आर्ग्युमेंट ‘बायरेफ’ने जाते, म्हणजे आतल्या फंक्शनने त्यात केलेला बदल बोलावणाऱ्याच्या चलात उमटतो. ॲरेच्या बाबतीत एक खोच आहे: ‘लाँग’ किंवा ‘डबल’ अशा ठरावीक प्रकारचा ॲरे ‘बायव्हॅल’ने घेताच येत नाही, कंपायलर नकार देतो, व्हेरियंटमध्ये, म्हणजे कोणत्याही प्रकारचे मूल्य मावणाऱ्या चलात, ठेवलेला ॲरे मात्र ‘बायव्हॅल’ने घेता येतो आणि त्याची संपूर्ण प्रत तयार होते. मोठ्या यादीला ही प्रत जड पडत असेल तर ‘बायरेफ’ने घ्यावे, पण त्यातल्या घटकांना हात लावू नये.

३. ‘आयइफ’ आणि ‘अँड’ यांच्यावर विसंबू नका

इतर भाषांमधून आलेल्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. ‘आयइफ’ हे एका ओळीत अट लिहिण्याचे सोयीचे साधन दिसते, पण ते साधे फंक्शन असल्यामुळे अट खरी असो वा खोटी, त्याच्या दोन्ही बाजूंचे मूल्यमापन आधी होते. ‘आयइफ(संख्या = ०, ०, बेरीज / संख्या)’ असे लिहून आपण शून्याने भागणे टाळले असे वाटते; प्रत्यक्षात भागाकार होतोच आणि त्रुटी ११ येते. बेरीजही शून्य असेल तर येणारी त्रुटी ६, म्हणजे ओव्हरफ्लो, असते, आणि त्या नावावरून मूळ कारण कोणाच्याही ध्यानात येत नाही. जिथे एक बाजू अटीशिवाय धोक्याची आहे तिथे ‘इफ, एल्स’ हे पूर्ण स्वरूपच लिहावे.

‘अँड’ आणि ‘ऑर’ हेही दोन्ही बाजू तपासतात. वस्तू (ऑब्जेक्ट) ‘नथिंग’ नाही, म्हणजे ती अस्तित्वात आहे, आणि तिचे मूल्य शून्यापेक्षा जास्त आहे, अशी जोडअट एका ओळीत लिहिली तर पहिली अट खोटी असतानाही दुसरी तपासली जाते आणि त्रुटी ९१ येते. एकात एक अशा दोन ‘इफ’ लिहिणे दिसायला ओबडधोबड असले तरी तेच बरोबर आहे. शीटवरून आलेल्या यादीत त्रुटी असलेला सेल असू शकतो, त्याची संख्येशी तुलना केल्यास त्रुटी १३ येते. म्हणून ‘इजएरर’ची तपासणी वेगळ्या ‘इफ’मध्ये आणि सर्वांत आधी ठेवावी.

४. यादीवर फंक्शन चालवा: मॅप, चाळणी आणि संचय

आता मूळ अडचण. ‘प्रत्येक घटकावर हे फंक्शन चालव’ असे (यालाच मॅप म्हणतात) सांगायचे तर फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून द्यावे लागते, आणि व्हीबीएमध्ये तशी सोय नाही. ‘ॲड्रेसऑफ’ हा शब्द पाहून हुरळू नये. तो विंडोजच्या लायब्ररींना पत्ता देण्यासाठी आहे, त्या पत्त्यावरचे फंक्शन व्हीबीएमधून बोलावण्यासाठी नाही.

सर्वांत सोपी पळवाट म्हणजे फंक्शनचे नाव मजकूर म्हणून देणे आणि ‘ॲप्लिकेशन.रन’ने ते चालवणे:

फंक्शन मॅपयादी(बायव्हॅल यादी ॲज व्हेरियंट, बायव्हॅल कृती ॲज स्ट्रिंग) ॲज व्हेरियंट

आत ‘एलबाउंड’पासून ‘यूबाउंड’पर्यंत फेरी असते, आणि प्रत्येक घटकासाठी ‘ॲप्लिकेशन.रन’ला कृतीचे नाव व तो घटक देऊन आलेले उत्तर ‘निकाल’ या स्थानिक ॲरेत ठेवले जाते. ‘निकाल’ वेगळा का घ्यायचा? फंक्शनच्याच नावापुढे कंस टाकून त्यात घटक भरू गेल्यास भाषा त्याला ॲरेचा घटक न मानता त्या फंक्शनची पुन्हा केलेली हाक मानते. म्हणून आधी स्थानिक ॲरे भरावा आणि अखेरच्या ओळीत तो फंक्शनच्या नावाला बहाल करावा. चलांचा प्रकार ‘इंटिजर’ न ठेवता ‘लाँग’ ठेवावा, कारण इंटिजरची मर्यादा ३२७६७ आहे आणि शीटच्या ओळी त्याच्या कितीतरी पुढे जातात.

चाळणीचे फंक्शन घटक घेऊन खरे-खोटे सांगणारी कृती घेते आणि खरे ठरलेले घटकच ठेवते. तिला ‘फिल्टर’ हे नाव देऊ नये. त्या नावाचे फंक्शन व्हीबीएमध्ये आधीच आहे आणि ते फक्त मजकुराच्या यादीत तुकडा शोधते. किती घटक उरतील हे आधी माहीत नसते, म्हणून मूळ यादीएवढा ॲरे घेऊन, मोजत मोजत भरून, शेवटी ‘रीडिम प्रिझर्व्ह’ने आखडता घ्यावा. एकही घटक उरला नाही तर ‘१ ते ०’ असा ॲरे करता येत नाही, त्रुटी ९ येते. तो प्रसंग वेगळा ओळखून ‘ॲरे()’ या आज्ञेने मिळणारा रिकामा ॲरे परत द्यावा. त्यावर ‘एलबाउंड’ ते ‘यूबाउंड’ अशी फेरी चालवली तर ती एकदाही फिरत नाही, आणि आपल्याला तेच हवे असते. थकबाकी नसलेली संस्था दुर्मीळ असेल, पण मॅक्रोने तिच्यासाठीही तयार असावे.

संचयाच्या, म्हणजे सगळ्या घटकांचे मिळून एकच उत्तर काढणाऱ्या, फंक्शनला यादी, कृती आणि आरंभीचे मूल्य अशी तीन आर्ग्युमेंट द्यावीत. बेरजेसाठी आरंभ शून्य, मजकूर जोडण्यासाठी रिकामी स्ट्रिंग. आरंभ ऐच्छिक ठेवण्याचा मोह टाळावा.

‘ॲप्लिकेशन.रन’चे तोटे स्पष्ट आहेत. थेट हाकेपेक्षा ते बरेच संथ आहे. नाव चुकले तर कंपायलर गप्प राहतो आणि चालवताना त्रुटी १००४ येते. फंक्शनचे आणि मॉड्यूलचे नाव एकच ठेवले तर गोंधळ होतो. दुसरी फाइलही उघडी असण्याची शक्यता असेल तर नावाआधी फाइलचे नाव आणि उद्गारचिन्ह द्यावे. काही शे ओळींच्या घरगुती कामाला हे सगळे चालून जाते. त्यापुढे पाचवी पायरी पाहावी.

५. फंक्शनला वस्तूचे रूप द्या

माझ्या मते व्हीबीएमध्ये टिकाऊ फंक्शनल कोड लिहिण्याचा मार्ग हाच आहे. ‘आयकृती’ नावाचे एक क्लास मॉड्यूल, म्हणजे वस्तूचा साचा, करा आणि त्यात ‘लागूकर’ हे एकच फंक्शन ठेवा: एक व्हेरियंट घेणारे, एक व्हेरियंट देणारे, आत काहीही नसलेले. हा झाला करार. आता ‘व्याजकृती’ नावाचा क्लास करून त्याच्या आरंभी ‘इम्प्लिमेंट्स आयकृती’ लिहा. एडिटर आपल्याकडून ‘आयकृती_लागूकर’ या नावाचे फंक्शन मागेल, त्यात प्रत्यक्ष हिशेब येईल. कराराच्या फंक्शनच्या मूळ नावात अधोरेषा वापरू नये, कारण जोडनाव बनवताना भाषा तेच चिन्ह वापरते आणि मग कंपायलर अडतो.

याचा खरा लाभ असा की वस्तू स्वतःजवळ माहिती ठेवू शकते. दर आणि महिने हे ‘व्याजकृती’च्या खासगी चलांत एकदा भरले की ‘लागूकर’ला फक्त थकबाकी द्यावी लागते. इतर भाषांत ज्याला क्लोजर, म्हणजे आपली माहिती सोबत बाळगणारे फंक्शन, म्हणतात, त्याचे काम येथे ही वस्तू करते. क्लास तयार होतानाच त्याला आर्ग्युमेंट देण्याची सोय व्हीबीएमध्ये नसल्यामुळे साध्या मॉड्यूलमध्ये ‘नवीव्याजकृती(दर, महिने)’ असे एक फंक्शन लिहावे. त्याने आत वस्तू तयार करावी, दोन्ही मूल्ये भरावीत आणि ‘आयकृती’ म्हणून ती परत द्यावी. परत देताना ‘सेट’ हा शब्द विसरला की त्रुटी ९१ येते.

‘मॅपयादी’मध्ये आता एवढाच बदल होतो की कृती हे आर्ग्युमेंट स्ट्रिंगऐवजी ‘आयकृती’ प्रकारचे होते आणि ‘ॲप्लिकेशन.रन’च्या जागी ‘कृती.लागूकर’ येते. नाव चुकले तर कंपायलरच सांगतो, आणि वेगही बराच सुधारतो. मुख्य मॅक्रोचा गाभा मग एका ओळीत मावतो: ‘मॅपयादी(स्तंभवाचा(थकबाकीरेंज), नवीव्याजकृती(०.१८, ३))’. दोन कृती एकापाठोपाठ लावायच्या असतील तर ‘साखळीकृती’ हा आणखी एक क्लास करावा, जो आपल्याजवळ दोन ‘आयकृती’ ठेवतो आणि पहिलीचे उत्तर दुसरीला देतो. व्याज काढून ते रुपयांत पूर्णांकित करणे ही अशीच साखळी. पूर्णांकनासाठी व्हीबीएचे ‘राउंड’ वापरण्याआधी लक्षात घ्यावे की ते नेमक्या अर्ध्यावर जवळच्या सम संख्येकडे वळते: २.५ चे २ होतात, ३ नाही. शीटवरचे ‘राउंड’ ३ देते. हिशेबनीसाला शीटवरच्यासारखेच उत्तर अपेक्षित असते, म्हणून ‘वर्कशीटफंक्शन.राउंड’ वापरावे.

प्रत्येक कृतीला एक क्लास म्हटले की क्लासांची संख्या वाढते, ही तक्रार रास्त आहे. म्हणून ज्या कृती खरोखर अदलाबदलीच्या आहेत त्यांच्यासाठीच हे करावे. एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे वापरल्या जाणाऱ्या हिशेबाला साधी ‘फॉर’ फेरी आणि तिच्या आत एक शुद्ध फंक्शन एवढे पुरते.

६. मराठी मजकूर हाताळणारे शुद्ध फंक्शन

एक्सेलचे सेल युनिकोड पूर्णपणे समजतात, व्हीबीएचा एडिटर समजत नाही. तो विंडोजच्या जुन्या संकेतपत्रिकेवर (अक्षरांना संकेतांक देणाऱ्या कोड पेजवर) चालतो आणि देवनागरीसाठी तशी पत्रिकाच नाही, त्यामुळे कोडमध्ये अवतरणात टंकलेल्या मराठी शब्दाची प्रश्नचिन्हे होतात. ‘मेसेजबॉक्स’ आणि इमिजिएट विंडो यांचेही तसेच. भाषेच्या आतली स्ट्रिंग मात्र युनिकोडच असते. म्हणून मराठी मजकूर सेलमधून आर्ग्युमेंट म्हणून घ्यावा, उत्तर सेलमध्येच पाहावे, आणि एखादे अक्षर कोडमध्ये हवेच असेल तर ‘सीएचआरडब्ल्यू’ने संकेतांक देऊन घ्यावे, जसे २३०९ म्हणजे ‘अ’.

वहीत काही रकमा ‘१,२५०’ अशा देवनागरी अंकांत मजकूर म्हणून आलेल्या असतात आणि बेरजेत धरल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी ‘अंकरूप’ हे फंक्शन लिहू. ते स्ट्रिंगमधले एकेक अक्षर घेते, ‘एएससीडब्ल्यू’ने त्याचा संकेतांक काढते, आणि तो २४०६ ते २४१५ या पट्ट्यात असेल तर त्यातून २४०६ वजा करून ४८ मिळवते, ४८ हा इंग्रजी शून्याचा संकेतांक आहे. स्वल्पविराम वगळावा, इतर अक्षरे जशीच्या तशी ठेवावीत. स्वल्पविराम न वगळता पुढे ‘व्हॅल’ वापरले तर ते स्वल्पविरामाशी थांबते आणि साडेबाराशे रुपयांचा एक रुपया होतो. हे फंक्शन वेगळ्या ‘अंककृती’ क्लासात ठेवले की ते ‘साखळीकृती’त व्याजाच्या आधी बसवता येते.

७. पुनरावर्तन आणि आठवण

व्हीबीएमध्ये फंक्शन स्वतःला बोलावू शकते, पण शेवटच्या हाकेची बचत भाषा करत नाही, म्हणजे प्रत्येक हाकेसाठी वेगळी स्मृती अडते. खोली वाढली की त्रुटी २८ येते. फोल्डरांतील उपफोल्डर किंवा हिशेबातील उपखाती अशा उथळ झाडांपुरतेच पुनरावर्तन वापरावे, लांब यादीसाठी फेरी. तेच उत्तर पुन्हा पुन्हा लागत असेल तर ‘स्क्रिप्टिंग.डिक्शनरी’त ते साठवता येते. ही वस्तू मॅकवर मिळत नाही.

८. मॅक्रोची गरज आहे का, हे तपासा

डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘लॅम्डा’, म्हणजे फॉर्म्युल्यातच आपले फंक्शन बनवण्याची सोय, जाहीर केली आणि त्यापाठोपाठ ‘मॅप’, ‘रिड्यूस’, ‘स्कॅन’, ‘बायरो’ ही फंक्शने थेट फॉर्म्युल्यात आली. तिथे फंक्शन हे खरोखर मूल्य असते, नेम मॅनेजरमध्ये त्याला नाव देता येते, आणि फाइल साध्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारातच राहते. सर्वांकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ असेल आणि काम निव्वळ हिशेबाचे असेल, तर व्याजासाठी व्हीबीए लिहूच नये. एक्सेल २०२१ मध्ये ‘फिल्टर’ आणि ‘लेट’ आहेत, ‘लॅम्डा’ नाही. अनेक फाइली उघडणे, पावत्या वेगळ्या काढणे, ई-मेल पाठवणे अशी कामे असतील तिथे व्हीबीए लागेलच. तेव्हा वरचे तीन भाग कायम ठेवून मधला भाग फॉर्म्युल्यावर सोपवता येतो.

९. फाइल दुसऱ्याला देताना

२०२२ पासून इंटरनेटवरून किंवा ई-मेलने आलेल्या फाइलमधील मॅक्रो एक्सेल मुळातच रोखते. घेणाऱ्याने फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी, आणि ती फाइल कोणी पाठवली याची खात्री असेल तरच करावी. मॅक्रो चालल्यानंतर कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही, हेही त्याला सांगून ठेवावे; ‘स्तंभलिहा’ मूळ थकबाकीच्या स्तंभावर न लिहिता शेजारच्या रिकाम्या स्तंभात लिहील अशी व्यवस्था केली तर या अडचणीचा बहुतांश भाग उद्भवतच नाही.